पहिला मुक्काम, व्हाया कोयना

चार पिढ्या, सात सीट्स आणि एक एक्सेल शीट. फॅमिली रोड ट्रिपचा पहिला दिवस नेमका कसा जातो, त्याची ही गोष्ट. तुमच्याही घरात आजी-आजोबा असतील, तर पुढच्या लाँग वीकेंडच्या आधी वाचाच!

मित्रांबरोबर गोव्याला जाणं सोपं असतं. रात्री अकराला ठरतं, पहाटे चारला गाडी निघते आणि वाटेत कुणी 'जरा थांब ना रे' म्हटलं, तर त्याला शिव्या पडतात. पण आई-बाबा, आजी आणि घरातलं एखादं पिल्लू घेऊन निघायचं म्हटलं की सगळं गणितच बदलतं. कुणाचे गुडघे, कुणाचं बीपी, कुणाला एसी सोसत नाही आणि कुणाला एसीशिवाय जमत नाही. ऑफिसात पंधरा जणांची टीम आरामात हाकणारा माणूस घरच्या सहा जणांना ठरल्या वेळेला गाडीत बसवू शकत नाही, हे सनातन सत्य आहे.

म्हणूनच आपण ही ट्रिप पुढे ढकलत राहतो. 'अप्रेझल झालं की जाऊ', 'पाऊस संपला की जाऊ', 'आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे, मग जाऊ'. आमच्या घरी हे तीन वर्षं चाललं होतं. शेवटी 2023 च्या दिवाळीत दादानं जाहीर केलं, भाऊबीज झाली की शुक्रवारी गुहागरला निघायचं. बास! चिऊची शाळा बंद, वहिनीची सुट्टी मंजूर, आणि मी फ्रीलान्सर, म्हणजे घरच्यांच्या मते कायमच सुट्टीवर.

शीट आणि अट

दादा आयटीत आहे. त्यामुळे ट्रिप ठरल्यावर अर्ध्या तासात फॅमिली ग्रुपवर एक्सेल शीट आली. चिंचवडहून सकाळी सहाला प्रस्थान. ताम्हिणी घाट, माणगाव, महाड, चिपळूण. दुपारी एकला गुहागर, दोनला मासे, चारला बीच. प्रत्येक थांब्यासाठी 'पंधरा मिनिटे' असा वेगळा कॉलम. वहिनीनं शीट बघून फक्त एवढंच विचारलं, "पंधरा मिनिटांत आई फक्त पर्स शोधतात. बाकीचं कधी करायचं?"

खरा ट्विस्ट मात्र आजीनं दिला. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. चष्मा, काठी आणि तल्लख डोकं असा सगळा संच. ती सहसा कशाला नाही म्हणत नाही आणि कशाचा हट्टही धरत नाही. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "येते की मी. पण कोयनेवरनं न्या."

बाबा म्हणाले, "अगं आई, तिथं बघायला काय आहे आता? पाणीच आहे नुसतं."

"मग पाणी बघू," आजी म्हणाली आणि आमटीची वाटी पुढे केली.

आजीचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे आपल्याला घरच्या गोष्टी जशा माहीत असतात, तसं. गाव धरणात गेलं, माहेरची माणसं सांगली जिल्ह्यात वसाहतीत गेली, आजी लग्न होऊन मुंबईला गिरणगावात आली, आणि तिथून बाबांच्या नोकरीपायी पिंपरी-चिंचवडला. तीन वाक्यांत संपणारी गोष्ट. त्या वसाहतीला गावाचंच नाव आहे. आजीच्या भावाकडे आम्ही लहानपणी जायचो, तेव्हा तेच तिचं गाव, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. मूळ जागी आजी 1961 नंतर एकदाही गेलेली नाही, हे त्या रात्री जेवणाच्या टेबलावर कळलं.

दादानं काही न बोलता शीटमधलं 'ताम्हिणी' खोडलं.

सहाचे सात

फॅमिली ट्रिपमध्ये गाडी भरणं हा स्वतंत्र इव्हेंट असतो. आमच्या डिकीत काय नव्हतं! सतरंजी, दोन थर्मास, धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, फराळातले उरलेले चिवडा-लाडू, आजीची उशी, चिऊची बादली-फावडं आणि एक छोटा प्लास्टिकचा स्टूल. हा स्टूल म्हणजे आईची आयडिया. सात सीटर गाडीची पायरी उंच असते. दुखऱ्या गुडघ्यानं दिवसातून दहा वेळा चढायचं-उतरायचं म्हणजे शिक्षाच. त्या शंभर-दीडशे रुपयांच्या स्टुलानं पूर्ण ट्रिपमध्ये जेवढं काम केलं, तेवढं गूगल मॅप्सनंही केलं नाही.

मग सीटचं राजकारण. चिऊला गाडी लागते, म्हणून तिला मागे बसवायचं नाही. आजीला मधल्या रांगेत, डाव्या दाराशी. मध्ये चिऊ, पलीकडे आई. स्टिअरिंगवर बाबा, कारण 'ज्याची गाडी त्याचं स्टिअरिंग'. शेजारी दादा, मोबाइल घेऊन. शेवटच्या रांगेत वहिनी आणि मी, बॅगांच्या सोबतीला. ज्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत, त्यांची जागा शेवटच्या रांगेत, हा नियम लिहून ठेवा.

आम्ही निघालो सातला दहा कमी असताना. दादानं घड्याळ बघितलं. बाबांनी दादाकडे बघितलं. दादानं खिडकीबाहेर बघितलं.

देहूरोड–कात्रज बायपास, नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका. नोव्हेंबरातली सकाळ आणि अजून ट्रॅफिक जागं झालेलं नाही, अशा वेळी हा रस्ता छान वाटतो. आधीचा एनएच 4, आताचा 48. पुणेकरांसाठी 'सातारा रोड' तो सातारा रोडच. सारोळ्याला नीरा नदीचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो. आजी तिथं म्हणाली, "आलं आमचं." आजीच्या हिशेबानं सातारा जिल्हा लागला की माहेर सुरू. इथून तिचं गाव अजून दीडशे किलोमीटर लांब होतं, ही बाब गौण!

शिरवळला पहिला थांबा. शीटप्रमाणे पंधरा मिनिटं. प्रत्यक्षात पस्तीस. आजीला रांगेशिवाय आणि ओल्या फरशीवर न घसरता जाता येईल असं टॉयलेट शोधण्यातच दहा गेली. हायवेवरच्या स्त्रियांसाठीच्या स्वच्छतागृहांवर कधीतरी वेगळा लेख लिहिणार आहे. तूर्तास एवढंच सांगते, की म्हातारी माणसं प्रवासात पाणी कमी पितात, ते तहान लागत नाही म्हणून नव्हे. 'सारखं थांबवायला नको तुम्हाला' हे त्यामागचं खरं कारण असतं. आईनं ते बरोबर ओळखलं आणि सरळ फर्मान काढलं, "मला दर तासाला उतरायचंय." आजीचा प्रश्न आपोआप सुटला. सासू-सुनांवर मालिका काढणाऱ्यांनी हा सीन कधी दाखवलेला नाही.

घाटातला सत्तापालट

खंबाटकी घाटात चिऊनं "पोटात कसंतरी होतंय" जाहीर केलं. सगळ्या गाडीत एकच धावपळ. आवळासुपारी, आलेपाक, लिंबू, प्लास्टिकची पिशवी. प्रत्येकाकडे आपापला उपाय. दादा म्हणाला, "बाबा, जरा हळू." बाबा म्हणाले, "मी चाळीसवरच आहे." "वळणावर ब्रेक लागतोय ना तुमचा." "तू चालवायला शिकलास कुणाकडून?"

घाटात कुणी चालवायचं, हा आपल्याकडच्या बापलेकांमधला एक जुना आणि नाजूक वाद आहे. बाबा एकसष्ट वर्षांचे. नजर चांगली, हात पक्का, पण दोन तास सलग बसलं की कंबर धरते. ते स्वतःहून सांगणार नाहीत आणि दादा सरळ विचारणार नाही. शेवटी घाट उतरल्यावर आजीच म्हणाली, "बाळू, तू मागं ये माझ्यापाशी. मला काय काय दाखवायचंय तुला." झालं! बाबा मधल्या रांगेत, आई पुढे, दादा स्टिअरिंगवर. कुणाचाही मान न दुखावता सत्तापालट. पंचायत समितीत एवढं सफाईनं होत नाही.

भुईंजला कृष्णा ओलांडली. आनेवाडीचा टोल. मग साताऱ्याचा अजिंक्यतारा उजवीकडे दिसायला लागला आणि मागून वहिनीनं कंदी पेढ्यांची आठवण करून दिली. सव्वादहा वाजले होते. शीटप्रमाणे आम्ही यावेळी माणगाव सोडून पुढे गेलेलो असायला हवे होतो. दादानं शीट उघडणं बंद केलं, हा दिवसाचा पहिला मोठा टर्निंग पॉइंट.

सातारा सोडून हायवेनं पुढे उंब्रजपर्यंत यायचं आणि तिथं उजवीकडे मल्हारपेठ-पाटणच्या रस्त्याला लागायचं. इथून प्रवासाचा मूडच बदलतो. कंटेनर आणि व्हॉल्वो मागे राहतात. उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. नोव्हेंबर म्हणजे तोडणीचा हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर डोलणारा ऊस आणि मोठ्यानं लावलेली गाणी. ओव्हरटेक करायची घाई केलीत तर चिडचिड होईल. मागे राहिलात तर चिऊसारखा एखादा प्रेक्षक तुम्हाला दर ट्रॉलीमागे ऊस मोजून दाखवेल.

मल्हारपेठला कराड–चिपळूण रस्ता लागतो आणि कोयना नदीची साथ सुरू होते. पाटणच्या आसपास मान वर केली की डोंगरांच्या कडेला पवनचक्क्या दिसतात. हे वनकुसवड्याचं पठार. आजीनं त्या पहिल्यांदाच पाहिल्या. "एवढे पंखे कशाला लावलेत वरती?" तिनं विचारलं. बाबा खुलले. त्यांची सगळी नोकरी पिंपरीच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये गेली. वीज हा विषय निघाला की त्यांना थांबवणं कठीण. पवनचक्कीवरून ते जे सुरू झाले, ते थेट कोयनेच्या चार टप्प्यांपर्यंत पोचले. सगळे मिळून 1960 मेगावॉट. संध्याकाळी मागणी वाढली की कोयनेचे संच कसे लगेच चालू करता येतात, 1999 मध्ये तळ्याच्या तळाला खालून भोक पाडून पाणी बोगद्यात कसं घेतलं, 2012 मध्ये तोच प्रयोग पुन्हा कसा केला, 'लेक टॅपिंग' म्हणजे काय. आजी सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "हे सगळं तुला ठाऊक होतं आणि मला कधी सांगितलं न्हाईस?"

"तू कधी विचारलं नाहीस, आई."

"तू तरी कुठं विचारलंस?" आजी म्हणाली.

भिंतीच्या पलीकडे

थोडा भूगोल, कारण तो इथं खरंच इंटरेस्टिंग आहे. कोयना महाबळेश्वरला उगम पावते. आपल्याकडच्या बहुतेक नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ही बाई मात्र सह्याद्रीला चिकटून सरळ दक्षिणेला येते आणि हेळवाकपाशी काटकोनात वळून पूर्वेला, कराडला जाते. तिथं प्रीतिसंगमावर ती कृष्णेला मिळते. या वळणाच्या थोडं वर, कोयनानगरला तिला अडवलंय. धरणाची उंची 103 मीटर, लांबी 800 मीटरच्या वर. मागे शिवसागर जलाशय, सुमारे 50 किलोमीटर लांब, पार तापोळ्यापर्यंत. साठवणक्षमता 105 टीएमसी. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं एकत्र केली, तरी तीस टीएमसीच्या आत-बाहेरच होतात. यावरून अंदाज करा.

हे धरण 1964 मध्ये पुरं झालं. त्यासाठी जवळपास शंभर गावांना आपली जमीन सोडावी लागली. माणसं सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड, रत्नागिरी अशी विखुरली. काही जण तिथंच डोंगरावर वर सरकले. पुनर्वसनाचे काही प्रश्न तर पुढच्या पिढ्यांनाही लढवावे लागले. शाळेच्या पुस्तकात आपण 'महाराष्ट्राची भाग्यरेषा' एवढंच पाठ करतो.

आम्ही दीडच्या सुमाराला कोयनानगरला पोचलो. धरणाच्या भिंतीवर आपल्याला असं उठून जाता येत नाही. पण समोरच्या नेहरू उद्यानातून ती पूर्ण दिसते. चांगली बाग आहे, बाकं आहेत, झाडांची सावली आहे. आजीला हळूहळू बाकापर्यंत नेलं. सतरंजी अंथरली, धपाटे काढले. समोर करडी, प्रचंड भिंत. मागे हिरवे डोंगर. हा सगळा परिसर कोयना अभयारण्याचा. 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीतही.

आम्हा सगळ्यांना एकच टेन्शन. आता आजी रडणार. वहिनीनं गुपचूप बीपीची गोळी आणि पाणी जवळ ठेवलं. मी मोबाइलचा कॅमेरा काढून पुन्हा पर्समध्ये टाकला. काही फोटो काढायचे नसतात.

आजी रडली-बिडली नाही. तिनं आधी शांतपणे दीड धपाटं संपवलं. मग चिऊनंच विचारलं, "पणजी, तुझं घर कुठंय?"

आजीनं काठी उचलली. "ती भिंत दिसते ना? तिच्या पल्याड. लई आत. नदीच्या काठाला."

"पाण्यात?"

"आता पाण्यात. तवा न्हवतं."

"मग तुझी खेळणी पण बुडली?"

आजी हसली. "खेळणी कुठली गं? एक म्हैस होती. ती नेली आम्ही."

मग ती बोलायला लागली. काठाला भातखाचरं, उतारावर नाचणी आणि वरी. पावसाळ्यात चार महिने बाहेरच्या जगाशी संबंध नाही. तिचा बाप घाट उतरून चिपळूणला जायचा आणि मीठ, सुकी मासळी डोक्यावर घेऊन चढून यायचा. गाव सोडायच्या आदल्या दिवशी बायकांनी घरं सारवली होती. बुडणारं घर कशाला सारवायचं, असं ती आईला म्हणाली, तेव्हा आईनं तिला रट्टा दिला. "म्हणाली, जाताना घर घाण ठेवून जात्यात व्हय?" आजी हे सांगताना हसत होती. माझ्या आईनं मात्र पदर डोळ्याला लावला.

आणि मग ती गोष्ट आली, जी बाबांना एकसष्टाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हती.

11 डिसेंबर 1967. पहाटे साडेचारच्या सुमाराला कोयनेला भूकंप झाला. साडेसहा रिश्टरच्या आसपासचा. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, सुमारे 180 माणसं गेली. मोठ्या धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतात का, या प्रश्नावर जगभर अभ्यास होतो आणि त्यात कोयनेचं नाव हमखास येतं. त्या दिवशी धक्के मुंबईपर्यंत जाणवले. बाबा तेव्हा पाच वर्षांचे. परळच्या चाळीत भांडी पडल्याचा आवाज, अंधारात कुणीतरी त्यांना उचलून जिना उतरल्याचं, खाली थंडीत सगळी चाळ उभी असल्याचं त्यांना आठवतं. ती त्यांची पहिली आठवण आहे. आम्ही ती शंभरदा ऐकलीय, आणि दर वेळी ती 'मुंबईतल्या भूकंपाची' म्हणून.

"तुला घेऊन मीच उतरले," आजी म्हणाली. "कोयनेला झालाय, हे मागनं कळलं. माझी मावशी वर डोंगरावर राहिली होती. खाली उतरली न्हवती सगळ्यांसंगं. पंधरा दिवस काय कळंना. जिवंत हाय का न्हाई. मग पत्र आलं. घर पडलं, पण माणसं बाहेर झोपली होती खळ्यात, म्हणून वाचली."

"आणि तू मला कधी बोलली नाहीस?" बाबा म्हणाले.

"तू पाच वर्सांचा होतास. नंतर शाळा, नंतर गिरणीचा संप, नंतर तुझी नोकरी. कधी बोलायचं?"

बाबा उठले आणि रेलिंगपाशी जाऊन उभे राहिले. याच धरणाचे मेगावॉट ते आम्हाला तोंडपाठ सांगायचे. बराच वेळ ते तिथं उभे होते. दादा त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दोघं काही बोलत नव्हते. आमच्या घरातल्या पुरुषांच्या हिशेबानं ही खूप मोठी चर्चा झाली.

साडेतीन वाजले. गुहागरचा बीच, शीटमधला 'चार वाजता'वाला, अजून डोंगराच्या पलीकडे होता आणि कुणालाही त्याची आठवण नव्हती.

पाणी कुठं जातं?

कोयनानगर सोडलं की कुंभार्ली घाट. सह्याद्री ओलांडून कोकणात उतरणारी ही जुनी वाट, आजीचे वडील मीठ आणायला जायचे ती. आता गुहागर–विजापूर महामार्गाचा भाग आहे. वळणं जोरदार आहेत, म्हणून चिऊला आधीच आलेपाक देऊन झोपवलं. घाटमाथ्यावरून खाली कोकण दिसतं. हवा बदलते, झाडं बदलतात, आजीच्या भाषेत सांगायचं तर 'वारा खारट होतो'.

उतरताना आजीनं विचारलं, "मग ते पाणी जातं कुठं? सगळं कराडला?"

बाबांनी या वेळी सावकाश, मेगावॉट न आणता सांगितलं. धरणातलं बरंचसं पाणी नदीनं कराडला जातच नाही. डोंगराच्या पोटातून बोगदे काढलेत. पाणी त्यातून इकडे कोकणाच्या बाजूला खाली कोसळतं, पोफळीला जमिनीखालच्या वीजघरात जनित्रं फिरवतं आणि शेवटी वाशिष्ठी नदीला मिळून चिपळूणवरून समुद्राला जातं. पूर्वेला जायची नदी माणसानं अशी पश्चिमेला वळवली.

आजीनं थोडा वेळ विचार केला. "म्हणजे बाप ज्या वाटंनं जायचा, त्याच वाटंनं गेलं म्हणायचं."

गाडीत कुणी काही बोललं नाही. अलोरे, शिरगाव मागे पडलं. पावणेसहाला चिपळूणच्या बहाद्दूरशेख नाक्यावर आलो. अंधार पडत होता. गुहागर इथून 45 किलोमीटर. दादानं गाडी बाजूला घेतली आणि ट्रिपमधला सर्वात शहाणा निर्णय जाहीर केला. आज इथंच मुक्काम. गुहागरच्या रूम्स एका दिवसानं पुढे ढकलायला त्यानं दुपारीच फोन केला होता, पण आम्हाला सांगितलं नव्हतं.

साधं, स्वच्छ लॉज मिळालं. तळमजल्यावरची रूम आजीसाठी. खालच्या भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर एक रेघ होती, 22 जुलै 2021 च्या पुराची. मॅनेजरनं ती आम्हाला दाखवली आणि त्या रात्री वरच्या मजल्यावर कसे बसून होते ते सांगितलं. आजी त्याच्याशी पंधरा मिनिटं बोलत उभी राहिली, काठी टेकून. किती पाणी चढलं, सामान काय वाचलं, मदत मिळाली का. पाण्यात घर जाणं म्हणजे काय, हे त्या दोघांना एकमेकांना समजावून सांगावं लागलं नाही.

रात्री जेवायला सुरमईची थाळी, सोलकढी आणि आजीसाठी खास बोंबील. गिरणगावच्या खानावळीत ती बोंबील खायला शिकली, ही आणखी एक गोष्ट आम्हाला तेव्हाच कळली. चिऊनं सगळ्यांना सांगून टाकलं, की पणजीचं घर पाण्यात आहे आणि तिथं लाइट तयार होते. तपशिलात थोडी चूक आहे. पण अठ्ठ्याहत्तर आणि पाच यांच्यामधल्या आम्हा पाच जणांपेक्षा तिला एका दिवसात जास्त कळलं, असं मला वाटतं.

तुम्हीही निघणार असाल तर...

• पहिल्या दिवसाचे किलोमीटर अर्धे करा. मित्रांबरोबर जे अंतर पाच तासांत कापता, त्याला घरच्यांबरोबर दहा धरा. आमचं पहिल्या दिवसाचं अंतर जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर होतं आणि त्यात पूर्ण दिवस गेला.

• रस्ता सर्वात मोठ्या माणसाला विचारून ठरवा. माहेर, जुनी शाळा, पहिली नोकरी, एखादं देऊळ. वाटेत असं एक ठिकाण हमखास निघतं. 'तिथं आता काय आहे' हा प्रश्न विचारू नका.

• छोटा स्टूल, उशी, गरम पाण्याचा थर्मास. औषधं डिकीत नको, हाताशी. तळमजल्याची रूम आधीच मागून घ्या.

• कोयनानगरसाठी सप्टेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. भर पावसात धबधबे सुंदर, पण कुंभार्लीत धुकं आणि दरडींची भीती असते. म्हातारी माणसं बरोबर असतील तर घाट उजेडातच उतरा.

• ड्रायव्हर दोन हवेत. आणि घाटात कुणी चालवायचं, हे आजीला ठरवू द्या.

• गाणी कमी लावा. ब्लूटूथला प्लेलिस्ट जोडायच्या आधी मधल्या रांगेत काय चाललंय ते ऐका. दुसऱ्या दिवशी आमच्या गाडीत गुहागरपर्यंत एकही गाणं लागलं नाही. बाबांचे प्रश्न संपत नव्हते.